कुष्ठजंतूतील एक सूक्ष्म घुमट

बेगम बाजारातील भांड्यांच्या दुकानांवरून जाताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. घागर, झारा, पळी, चाळणी ह्यांची नावे कोणी सांगितली नाहीत, तरी त्यांचे काम त्यांच्या आकारावरून कळते. झाऱ्याला भोके आहेत, म्हणून तो तेल निथळू देतो. घागरीचा गळा अरुंद आहे, म्हणून वाहून नेताना पाणी हिंदकळून सांडत नाही. धातू एकच, पण घडण निराळी; म्हणून उपयोगही निराळा. सजीवांच्या शरीरातील प्रथिनांनाही हाच न्याय लागू पडतो. प्रथिनाचे काम त्याच्या घडणीत असते, आणि ती घडण पाहावयास मिळाल्यावाचून ते काम कसे चालते ह्याचा उलगडा होत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा प्रथिनाची ओळख आम्ही करून देणार आहोत. हे प्रथिन कुष्ठरोगाच्या जंतूत असते. त्याची घडण १९९६ साली उजेडात आली, आणि ती मांडणाऱ्या शोधनिबंधावर पहिले नाव होते डॉ. शेखर मांडे ह्यांचे. डॉ. मांडे मूळचे नागपूरचे. पुढे २००१ ते २०११ ह्या काळात त्यांनी आपल्याच हैदराबाद शहरात संशोधन केले. आपल्या मुलामुलींनी ही कथा जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते, ते केवळ अभिमानापोटी नव्हे. कुष्ठरोग्यास जंतूने जितके छळले, त्याहून अधिक त्याच्याविषयीच्या अज्ञानाने छळले आहे. आणि अज्ञान दूर करणे हे तर शाळेचे पहिले काम.

वीस वर्णांची लिपी

प्रथिन म्हणजे एक लांब माळ. ह्या माळेतील मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. हे मणी मुख्यतः वीस प्रकारचे असतात. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे आम्हांस ती वीस अक्षरांची वर्णमालाच वाटते. 'कमल' आणि 'कलम' ह्या दोन शब्दांत अक्षरे तीच आहेत. क्रम बदलला की अर्थ बदलतो. प्रथिनांतही मण्यांचा क्रम बदलला की गुणधर्म बदलतो. आमच्या घरची भाषा कोंकणी आणि शाळेत आम्ही शिकवतो मराठी. पण देवनागरीचे तेच वर्ण दोन्हींकडे चालतात. तद्वत् माणूस, वडाचे झाड आणि कुष्ठाचा जंतू हे सगळे ह्याच वीस अक्षरांत आपापली प्रथिने लिहितात.

पण केवळ अक्षरांच्या क्रमाने काम भागत नाही. माळ तयार झाली की ती वळते, दुमडते आणि एक विशिष्ट आकार धारण करते. हा आकार बिघडला, तर अक्षरे बरोबर असूनही प्रथिन निरुपयोगी ठरते. अंडे उकडले म्हणजे त्यातील पातळ, पारदर्शक भाग पांढरा व घट्ट होतो, हे आपण पाहतो. तेथे मण्यांचा क्रम बदललेला नसतो. उष्णतेने माळा उलगडतात आणि एकमेकींत गुंतून बसतात, इतकेच. एकदा असा गुंता झाला, की तो सुटत नाही.

अंड्याचे जे होते, ते जिवंत पेशीचे होऊ नये म्हणून निसर्गाने एक योजना केली आहे. काही प्रथिनांचे कामच असे असते, की इतर प्रथिनांना नीट दुमडण्यास साहाय्य करावयाचे आणि गुंता होऊ द्यावयाचा नाही. त्यांना आपण सहायक प्रथिने म्हणू. जंतूस उष्णतेचा किंवा दुसरा कसला ताप झाला, की तो ही प्रथिने अधिक प्रमाणात तयार करतो. आपल्या कथेचे नायक असलेले प्रथिन ह्याच कुळातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव शॅपरोनिन-१०. त्याच्या एका माळेत सुमारे शंभर मणी असतात. प्रथिनांच्या जगात ही माळ लहानच म्हटली पाहिजे.

नळीत न वाढणारा जंतू

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन ह्यांनी १८७३ साली शोधला. रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ साली. दोन्ही जंतू एकाच कुळातील, जणू चुलत भाऊ. पण क्षयाचा जंतू प्रयोगशाळेतील पोषक द्रव्यांवर वाढतो. कुष्ठाचा जंतू मात्र आजतागायत अशा प्रकारे कोणालाही वाढवता आलेला नाही. शिवाय त्याची वाढ अतिशय मंद. आपल्या आतड्यांत राहणारा एक साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कुष्ठजंतूस त्याच कामी जवळजवळ दोन आठवडे लागतात.

असे असता त्याचे प्रथिन अभ्यासासाठी मिळवावयाचे कसे? येथे अनुवंशशास्त्र मदतीस आले. कोणते प्रथिन कसे बनवावयाचे ह्याची कृती प्रत्येक जीवाच्या जनुकांत लिहिलेली असते. कुष्ठजंतूच्या जनुकातील ही कृती त्या आतड्यातील साध्या जंतूत घातली, म्हणजे तो ती निमूटपणे वाचतो आणि हवे ते प्रथिन भरपूर तयार करून देतो. पाकक्रिया एका घरची, पण स्वयंपाक दुसऱ्या घरच्या चुलीवर, असा हा प्रकार होय. अशा रीतीने कुष्ठजंतूस न वाढवताच त्याचे प्रथिन हाती येते.

ह्या प्रथिनाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले जाण्यास आणखी एक कारण घडले. न्यू यॉर्कमधील संशोधकांना १९९२ साली असे आढळले, की कुष्ठजंतूशी झुंजणाऱ्या माणसाच्या रक्तातील रक्षक पेशी ज्या प्रथिनांना ओळखतात, त्यांतील हे एक प्रमुख प्रथिन आहे. मग त्याची घडण पाहण्याची उत्सुकता वाढावी, ह्यात नवल नाही.

खडीसाखर आणि स्फटिक

येथे एक अडचण उभी राहते. आपण वस्तू पाहतो ती प्रकाशाच्या साहाय्याने. प्रकाशाच्या लहरीची लांबी सुमारे ४,००० ते ७,००० अँगस्ट्रॉम असते. एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी अँगस्ट्रॉम, हे लक्षात ठेवावे. प्रथिनातील शेजारशेजारच्या अणूंमधील अंतर मात्र अवघे दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास. समुद्राच्या लाटेला किनाऱ्यावरील वाळूच्या एकेका कणाची दखल नसते. तशीच प्रकाशाच्या लहरीला अणूची नसते. म्हणून साधा सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असला, तरी त्यातून अणू दिसावयाचे नाहीत. त्यासाठी ज्यांच्या लहरीची लांबी अणूंमधील अंतराएवढीच आहे असे किरण हवेत. ते म्हणजे क्ष-किरण.

परंतु एकट्या रेणूने विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण असतात, की ते टिपता येत नाहीत. म्हणून कोट्यवधी रेणू एकाच रीतीने, एकाच दिशेस तोंड करून रचावे लागतात. अशी शिस्तबद्ध रचना म्हणजेच स्फटिक. खडीसाखर आपण सर्वांनी खाल्ली आहे. साखरेचा दाट पाक करून त्यात दोरा सोडतात आणि तो कित्येक दिवस न हलवता ठेवतात. पाकातील साखर हळूहळू दोऱ्यावर बसते आणि टपोरे, सपाट पैलूंचे खडे तयार होतात. घाई केली तर मोठे खडे न होता नुसती बारीक कणी होते. प्रथिनाचा स्फटिकही ह्याच धीराने वाढवावा लागतो. शुद्ध प्रथिनाचा एक थेंब बंद पात्रात क्षारांच्या द्रावणावर टांगून ठेवतात. थेंबातील पाणी हळूहळू कमी होते, आणि दैव अनुकूल असेल तर त्यात मिलिमीटरच्या अंशाएवढा स्फटिक दिसू लागतो. क्षाराचे प्रमाण, आम्लता, उष्णतामान ह्यांत थोडा बदल करून असे शेकडो थेंब लावावे लागतात. त्यांतील बहुतेकांत काहीही होत नाही. विज्ञानातील यश कसे मिळते, ह्याची ज्यांना कल्पना हवी असेल त्यांनी ह्या रिकाम्या थेंबांचा विचार करावा.

कापडातून दिसणारी नक्षी

स्फटिकावर क्ष-किरण सोडले, की ते निरनिराळ्या दिशांना विखुरतात आणि पलीकडील पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. ह्याला विवर्तन म्हणतात. घरच्या घरी ह्याचा पडताळा घेता येतो. रात्री दूरच्या रस्त्यावरील दिव्याकडे छत्रीच्या ताणलेल्या कापडातून पाहावे. एका दिव्याच्या जागी चौकडीत मांडलेले अनेक ठिपके दिसतील. कापड बदलले की ठिपक्यांमधील अंतर बदलते. कापडाची वीण जितकी दाट, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे नक्षी पाहून विणीचा अंदाज बांधता येतो. जर्मनीत माक्स फॉन लाउए ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१२ साली स्फटिकांवर हा प्रयोग प्रथम झाला, आणि ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत ब्रॅग पितापुत्रांनी घालून दिली. त्यांतील पुत्रास १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

तथापि ठिपक्यांवरून रचना काढणे वाटते तितके सोपे नाही. ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते. पण तो उमटवणारी लहर पडद्यावर पोहोचली तेव्हा चढावर होती की उतारावर, हे त्यावरून कळत नाही. लहरीच्या ह्या स्थितीस शास्त्रात कला म्हणतात. कला ठाऊक नसेल, तर चित्र जुळत नाही. एखाद्या गाण्याचे सर्व स्वर मिळाले, पण कोणता स्वर कधी लागतो ते हरवले, तर चाल कशी ओळखावी? माक्स पेरुत्झ ह्यांनी रक्तातील हिमोग्लोबिनचा अभ्यास १९३७ मध्ये आरंभला. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू बसवून कलेचा शोध घेण्याची युक्ती त्यांना १९५३ मध्ये साधली, आणि १९६२ साली ते व जॉन केंड्रू नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. डॉरोथी हॉजकिन ह्यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले छायाचित्र १९३० नंतरच्या दशकात घेतले, पण त्याची रचना हाती आली १९६९ साली. त्या चमूत एक भारतीय तरुण होते, एम्. विजयन. पुढे त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास आपल्या देशात रुजवला.

ह्याच संदर्भात मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन् ह्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. दोन अणू एकाच जागी बसू शकत नाहीत, ह्या साध्या गोष्टीवरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली हिशेब मांडला, की प्रथिनाच्या माळेला कोणती वळणे शक्य आहेत आणि कोणती नाहीत. 'रामचंद्रन् आलेख' म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. कोणत्याही देशात, कोणत्याही प्रथिनाची रचना निघाली, तरी तिची परीक्षा आजही ह्या आलेखावर होते.

घुमटाचे दर्शन

डॉ. मांडे ह्यांनी नागपूर विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर परदेशी असताना त्यांनी विम होल ह्या शास्त्रज्ञांबरोबर अमेरिकेतील सिएटल येथे कुष्ठजंतूच्या शॅपरोनिन-१० ची रचना उलगडली. न्यू यॉर्कचे मेहरा आणि ब्लूम हे त्यांचे सहकारी होते. 'सायन्स' ह्या विख्यात नियतकालिकात जानेवारी १९९६ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला.

ह्या रचनेत काय दिसले? शंभर मण्यांची एकेक माळ दुमडून एक पाकळी बनते, आणि अशा सात पाकळ्या वर्तुळात जुळून एक घुमट उभा राहतो. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी कुतुबशाही कबरींचे घुमट आपण पाहिले आहेत. त्यांचाच हा अतिसूक्ष्म बंधू म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच, की ह्याच्या माथ्यावर एक मोखा आहे, जसा रोममधील पॅन्थिऑन मंदिराच्या घुमटास आहे. ह्या कुळातील घुमटाचा व्यास सुमारे ७५ अँगस्ट्रॉम. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे लाखाहून अधिक घुमट ओळीने मावतील.

घुमटाची आतली बाजू विद्युत्भारित आणि पाण्याशी सख्य असलेली निघाली. खालच्या कडेपासून प्रत्येक पाकळीचा एक लवचिक भाग बाहेर लोंबत असतो. हा भाग हातासारखा आहे. त्याने हा घुमट शॅपरोनिन-६० नावाच्या दुसऱ्या, मोठ्या प्रथिनास धरतो. आतड्यातील जंतूचे ते मोठे प्रथिन १९९४ साली पाहण्यात आले होते. ते दोन्ही बाजूंनी उघड्या पिंपासारखे असते. आता त्याचे झाकण कसे आहे तेही कळले! १९९७ साली पिंप व झाकण एकत्र असलेली रचनाही उलगडली, तेव्हा झाकणाचे कार्य स्पष्ट झाले. अर्धवट दुमडलेली माळ पिंपात शिरते, वरून घुमट बसतो, आणि काही सेकंद त्या बंद खोलीत माळेला दुसऱ्या कोणाशी न गुंतता एकान्तात दुमडण्याची संधी मिळते. मग झाकण उघडते. परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांना दूर दूर बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ही रचना ३.५ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेची होती. इतक्या सूक्ष्मतेत माळ कोठून कशी वळते ते दिसते, पण एकेक अणू सुटा दिसत नाही. आपण किती पाहिले, हे आकड्यात सांगणे हा ह्या शास्त्राचा शिरस्ता आहे. तो इतर व्यवहारांतही पाळला गेला, तर पुष्कळ वाद मिटतील.

हैदराबादेतील कार्य

भारतात परतल्यावर डॉ. मांडे आधी चंदीगडला होते. २००१ मध्ये ते हैदराबादच्या डी.एन.ए. फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात आले. हे केंद्र आता उप्पल येथे आहे. परंतु काही वर्षे ते नामपल्लीच्या गृहकल्प इमारतीत, म्हणजे बेगम बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयजंतूतील शॅपरोनिन-१० ची रचना २००२ मध्ये प्रसिद्ध केली. २००४ मध्ये क्षयजंतूच्या शॅपरोनिन-६० ची रचना आली, आणि तिच्यात एक आश्चर्य होते. आतड्यातील जंतूत चौदा माळा मिळून पिंप बनते. येथे मात्र दोनच माळा जोडीने दिसल्या. एका जंतूचे नियम दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडतातच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. २००५ साली डॉ. मांडे ह्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

ह्याचा उपयोग काय?

हा प्रश्न विद्यार्थी अवश्य विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. ह्या घुमटापासून उद्याच औषध निघेल, असे म्हणणे खरे नव्हे. पण औषध कसे काम करते, हे पाहिले म्हणजे रचनेचे मोल कळते. बहुतेक औषधे जंतूच्या एखाद्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतात आणि त्याचे काम बंद पाडतात. कुष्ठ व क्षय ह्या दोन्हींवर दिले जाणारे रिफॅम्पिसिन हे असेच एका प्रथिनास अडवते. जंतूने त्या खाचेतील एखादा मणी बदलला, की औषध तेथे बसत नाही आणि रोग हटत नाही. कुलूप बदलले तर नवी किल्ली हवी. आणि किल्ली घडवावयाची तर कुलपाची आतली रचना ठाऊक हवी. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या विद्येची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

अलीकडे गणकयंत्रे मण्यांच्या क्रमावरूनच प्रथिनाचा आकार वर्तवू लागली आहेत, आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अशाच कार्यास मिळाले. पण ही यंत्रे शिकली ती माणसांनी एकेक स्फटिक वाढवून काढलेल्या रचनांवरून. १९७१ साली स्थापन झालेल्या प्रथिनांच्या सार्वजनिक कोशात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणासही विनामूल्य पाहता येतात. विद्यार्थ्याने आपला घुमट तेथे जाऊन अवश्य पाहावा.

अखेरीस कुष्ठरोगाविषयी दोन शब्द. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. सहा महिने ते एक वर्ष तो घेतला, की रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. उपचार सुरू होताच रोग्यापासून संसर्गाचा धोका थोड्याच दिवसांत नाहीसा होतो. असे असूनही आपल्या देशातील विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून शिल्लक होते. ते काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. जंतू हाती सापडला १८७३ साली, खात्रीचा उपचार आला त्यानंतर शंभरावर वर्षांनी, आणि कायद्यातील कलंक पुसण्यास आणखी अडतीस वर्षे लागली. मनातील कलंक पुसणे हे काम अद्याप उरले आहेच.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, अंगावर फिकट अथवा लालसर चट्टा उठला आणि तेथे स्पर्श कळेनासा झाला, तर तो लपवू नका. घरी सांगा, डॉक्टरांस दाखवा. वर्गातील कोणास असा रोग झाल्याचे कळले, तर त्याच्या शेजारचा बाक रिकामा ठेवू नका. हा जंतू काही जादूटोणा नव्हे, शाप नव्हे की पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. तोही आपल्यासारखाच वीस अक्षरांत लिहिलेला एक जीव आहे. माणसाने त्याच्या घरात डोकावून झाकणापर्यंतचे सामान पाहिले आहे. ज्याचे घर आपण इतक्या बारकाईने पाहिले, त्याला भिऊन माणसाने माणसाला दूर लोटावे, हे सुशिक्षितास शोभत नाही.